निवेदनाला टाचलेलं कार्ड

अहमदपुरात व्हॅलेंटाइन डे आणण्याचं श्रेय दिगंबरला द्यायला हवं. त्याच्याआधी गावात या दिवसाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. प्रेम होतं, ते असणारच. कॉलेजच्या रस्त्यावर काहींच्या सायकलची चेन रोज एकाच घरापुढे पडायची, आणि लातूरची गाडी सुटून गेली तरी स्टँडवर एखादा तिचीच वाट पाहत उभा असायचा. पण या सगळ्याला तारीख नव्हती. चौदा फेब्रुवारी ही तारीख गावाला सांगितली ती दिगंबरच्या संस्कृती रक्षण मंडळानं, आणि तीही रिक्षाला भोंगा बांधून. ‘हा दिवस कुणीही साजरा करू नये’ असं रिक्षा ओरडत गेली तेव्हा पोरांनी एकमेकांना विचारलं, कोणता दिवस? त्यानंतर काय रोखणार? पुढच्याच वर्षी गावातल्या दोन दुकानांत बदामाची कार्डं आली.

मागच्या फेब्रुवारीत मी लातूरला मुलीकडे होते. आता तो एका दिवसाचा सण राहिलेला नाही. आधी गुलाबाचा दिवस, मग चॉकलेटचा, मग कापसाच्या अस्वलाचा, मग वचन देण्याचा; आमच्या पिढीचे संसार उभे राहिले तेवढ्या सामानात यांचा एक आठवडाही भागत नाही. एका केकच्या दुकानाबाहेर माणसाच्या उंचीचा थर्माकोलचा बदाम उभा केला होता, त्यात उभं राहून फोटो काढायचा. दुकान दिगंबरच्या मुलाचं. आत खुर्चीवर टक्कल पडलेला दिगंबर स्वतः बसला होता. मला पाहून म्हणाला, ‘ताई, बदामी केक घ्या की, ताजा हाय.’ मी घेतला. त्याच्याकडून घेणं माझं कर्तव्यच होतं. का, ते सांगण्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे.

माझे वडील, अण्णा, अर्जनवीस होते. तहसील कचेरीच्या समोर रस्त्याच्या अलीकडे लिंबाचं झाड, झाडाखाली लोखंडी टेबल, टेबलावर मराठी टाइपरायटर, आणि टेबलाच्या मागे दहा पावलांवर आमचं दोन खोल्यांचं घर. ज्याला कचेरीत काही मागायचं असेल आणि कसं मागावं ते कळत नसेल, तो आधी अण्णांकडे यायचा. सकाळी मायची बुद्धवंदना संपली की तव्यावर भाकरी पडायची, आणि त्याच सुमाराला बाहेर टाइपरायटर सुरू व्हायचा. मायच्या हाताची थापथप आणि अण्णांची टकटक यांचा वेग इतका सारखा होता की अण्णा थांबले की मायही थांबायची आणि विचारायची, ‘का हो, शब्द सापडंना का?’ फेब्रुवारीत तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या असायच्या. अण्णा त्या खात खात टाइप करायचे. त्या महिन्यातल्या सगळ्या अर्जांच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ओलसर डाग असायचा आणि तो कुणाचा, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

धंदा त्यांनी निजामाच्या काळातल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडून उचलला होता. त्यामुळे ते अर्जाला दरखास्त म्हणायचे आणि पुराव्याला सबूत. त्यांचा एक नियम होता: सहपत्र जोडल्याशिवाय दरखास्त लिहायची नाही. म्हैस मेल्याची मदत मागायला आलेल्याला ते सांगायचे, ‘मेलेल्या म्हशीचा फोटो आण. न्हाई काढला? मग जिवंत असतानाचा तरी आण. म्हैस व्हती, एवढं तरी सरकारला कळू दे.’

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. अक्षर चांगलं, म्हणून हातानं लिहायचे कागद माझ्याकडे यायचे, आणि रोज अकराच्या सुमाराला तयार कागदांचा गठ्ठा कचेरीच्या आवक खिडकीवर नेऊन शिक्के मारून आणणं हेही माझ्याकडेच होतं. त्या खिडकीत वर्षभरापूर्वी एक नवा कारकून आला होता. मिलिंद, बिलोलीचा. शर्टच्या बाह्या शाई लागू नये म्हणून कोपरापर्यंत दुमडलेल्या. आमचं वर्षभराचं संभाषण तीन वाक्यांचं होतं. तो विचारायचा, ‘किती हायत?’ मी आकडा सांगायची. तो म्हणायचा, ‘पोच घ्या.’ पण इतरांच्या कागदांवर शिक्का तिरपा पडायचा आणि माझ्या कागदांवर सरळ. हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले, आणि लक्षात आल्यानंतर खिडकीपाशी जास्त वेळ थांबता यावं म्हणून मी एकेका अर्जाचे दोन-दोन भाग करून न्यायला लागले.

त्या फेब्रुवारीत दोन बातम्या एकदमच आल्या. मार्चनंतर मिलिंदची बदली नांदेडला होणार, हे मी खिडकीवरच शिपायाच्या तोंडून ऐकलं. दुसरी बातमी मामानं आणली: चाकूरचं एक स्थळ, येत्या रविवारी पाहायला येणार. मुलगा एकुलता, सहा एकर जमीन, आणि एका शाळेतली नोकरी कायम होण्याच्या मार्गावर. त्या मार्गावर तो सात वर्षं होता. मायनं त्यांच्यासाठी मुरमुऱ्यांचा सुशीला करायचं ठरवलं आणि ते भिजवून किती वेळ पिळायचे याची माझी तालीम सुरू केली. मला नाही म्हणायला काही कारण नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण त्याचं सबूत नव्हतं. सरळ पडणारा शिक्का मायला कसा दाखवणार?

अशा दिवसांत एका सकाळी दिगंबर झाडाखाली आला. पांढरे कपडे, काळा चष्मा, मागे मंडळाचे चार जण. बापाची शेती मोठी, त्यामुळे त्याला दिवसभर संस्कृतीकडे लक्ष द्यायला सवड होती.

‘अण्णा, निवेदन लिहायचंय. लई कडक.’

‘कोणाविरुद्ध?’

‘प्रेमाविरुद्ध.’

अण्णांनी यंत्रात कागद चढवला. ‘प्रेम राहणार कुठलं?’

‘चेष्टा न्हाई अण्णा. व्हॅलेंटाइन डे म्हणून परदेशी सण हाय. लातुरात घुसलाय. पोरं-पोरी एकमेकाला कार्डं देऊन राहिलेत. आपल्या गावात शिरायच्या आत रोखायचा.’

‘शिरलाय का?’

‘न्हाई अजून.’

‘मग तहसीलदारानं करायचं काय? शिवेवर कोतवाल बसवू का, सण आला का बघायला?’ अण्णांनी शेंग सोलली. ‘हा व्हॅलेंटाइन कोण?’

दिगंबरनं मागे पाहिलं. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ‘असंल कुणी इंग्रज,’ दिगंबर म्हणाला.

मी आतून चहा घेऊन आले होते. कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी गोष्ट सांगितली होती, ती मी सांगितली. रोमचा एक राजा होता. लग्न झालेले शिपाई लढाईत मागे राहतात म्हणून त्यानं शिपायांना लग्नाची बंदी केली. व्हॅलेंटाइन नावाचा पाद्री चोरून त्यांची लग्नं लावायचा, म्हणून राजानं त्याचं मुंडकं उडवलं. सरांनी असंही सांगितलं होतं की त्या नावाचे दोन-तीन पाद्री होऊन गेले, कुणाची गोष्ट कुणाला चिकटली ते नक्की कुणालाच माहीत नाही, आणि तिकडे फेब्रुवारीत पक्ष्यांच्या जोड्या जमतात अशी समजूत होती म्हणून तो दिवस प्रेमाला मिळाला.

‘म्हणजे बिगरपरवाना लग्नं लावायचा,’ अण्णा म्हणाले. ‘त्याला मुंडकं? आपल्याकडं नुसता खुलासा मागतेत.’

‘ते काय बी असू द्या,’ दिगंबर म्हणाला, ‘तुम्ही लिव्हा.’

‘लिव्हतो. सबूत आणा. काय रोखायचं ते सरकारला दिसायला पायजे. एक कार्ड जोडावं लागंल.’

गावात कार्ड नव्हतं. मंडळाचे दोघे एस.टी.नं लातूरला गेले आणि सहा कार्डं घेऊन आले. वर लाल बदाम, बदामावर चमकी. दुकानदारानं ‘कुणासाठी?’ असं विचारल्यावर घाबरून ‘तहसीलदारासाठी’ असं सांगितल्याचं त्यांनीच कबूल केलं. एक कार्ड निवेदनाला जोडायचं आणि उरलेली चौदा तारखेला चौकात जाळायची, फोटोग्राफर सांगून ठेवलेला, असा बेत होता. अण्णांनी एक कार्ड उघडलं, उलटंपालटं केलं.

‘हे कोरं हाय.’

‘हाव, मग?’

‘कोऱ्या कागदाचा गुन्हा काय? आत मजकूर पायजे. उद्या फोटोग्राफरनं जवळनं फोटो काढला तर लोक म्हणतील, कोरी कार्डं जाळली.’

हे दिगंबरला पटलं. मंडळाच्या सचिवाला तिथंच बसवून प्रेमपत्र लिहायला सांगितलं. त्यानं कपाळाचा घाम पुसत आधी एका कच्च्या कागदावर लिहिलं: ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. तुमच्यावर प्रेम आहे. लहानांस आशीर्वाद.’ दिगंबर म्हणाला, ‘लहानांस कशाला बे?’ शेवटी काम माझ्याकडे आलं. अण्णा मजकूर सांगायचे, मी लिहायचं. अण्णांना आयुष्यात एकच भाषा येत होती, त्यामुळे पहिलं कार्ड असं झालं: ‘विषय: प्रेम असणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, मी मागील दोन वर्षांपासून आपणावर प्रेम करीत असून अद्याप कोणतीही कार्यवाही झालेली नाही. तरी मेहेरबान होऊन सत्वर निर्णय व्हावा.’ मंडळी ऐकून गंभीर झाली. एक जण हळूच म्हणाला, ‘अण्णा, याची एक नक्कल मिळंल का?’

पाच कार्डं अशी झाली. सहाव्याच्या वेळी अण्णांना एक शेतकरी बोलवायला आला, दिगंबर मंडळींना घेऊन चहाला गेला, आणि झाडाखाली मी, पेन आणि एक कोरं कार्ड एवढेच उरलो. ही सगळी कार्डं जाळायचीच होती. जळणाऱ्या कागदावर खरं लिहायला काय हरकत आहे? मी लिहिलं:

‘रोज अकराला कागद घेऊन येते. कागद नसले तरी आले असते. तुमची बदली झाल्यावर या खिडकीत कोण बसेल हे विचारत नाही. रविवारी मला पाहायला येणार आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण मागे रांग असते आणि तुम्ही फक्त किती कागद आहेत ते विचारता.’

नाव कुणाचंच घातलं नाही. शाई वाळू दिली आणि कार्ड गठ्ठ्यात तळाशी सरकवलं. आत येऊन मुरमुरे पिळायला बसले. फार हलकं वाटत होतं. मायनं विचारलंसुद्धा, ‘काय गं, गाणं कशाचं म्हणायलीस?’

निवेदन टाइप होऊन बाहेर आलं तेव्हा मी दारात होते. अण्णांनी सहाही कार्डं पत्त्यांसारखी हातात धरली. चष्मा कपाळावरच होता. मजकूर वाचण्याआधी कागदाचं रूप पाहायची त्यांना सवय होती: समास किती सोडला, ओळी सरळ आहेत का, खाली जागा किती उरली. पाच कार्डं त्यांनी बाजूला ठेवली. सहावं थोडा वेळ हातात धरलं.

‘हे जोडू. यात मजकूर भरलाय.’ आणि टाचणी मारली.

ती टाचणी जणू मलाच टोचली. ‘अण्णा, ते नको, अक्षर बिघडलंय,’ मी म्हटलं. ‘बिघडलं तरी खरं वाटतंय,’ दिगंबर म्हणाला, त्यानंही न वाचता, आणि निवेदन घेऊन मंडळासकट रस्ता ओलांडून निघाला. फोटोग्राफर पुढे उलटा चालत होता. एरवी कागद घेऊन मी जायची. त्या दिवशी माझं मनच एका टाचणीला अडकून मिरवणुकीनं चाललं होतं आणि मी टाइपरायटरच्या आड उभी राहून ते बघत होते.

खिडकीवर दिगंबरनं फोटोसाठी निवेदन बराच वेळ अर्धवट देऊन धरलं. मग मिलिंदनं ते घेतलं. सहपत्र तपासणं त्याचं कामच होतं. त्यानं कार्ड उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. माझं अक्षर तो वर्षभर रोज पाहत होता. त्यानं मान वर केली, दिगंबरच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे पाहिलं, आणि मी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधायला वाकले. टाचणी पडलेलीच नव्हती. नंतर दिगंबरच्या हातातली पोच पाहिली. शिक्का तिरपा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तिरप्या शिक्क्याची भीती वाटली. वाटलं, वरच्या साहेबांना दाखवणार, साहेब अण्णांना बोलावणार, आणि रविवारच्या आत ही गोष्ट चाकूरला पोचणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीवर गेले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. साडेअकराच्या सुमाराला दिगंबर तणतणत आला. हातात कार्ड, कार्डाला एक चिठ्ठी.

‘अण्णा, कचेरीनं त्रुटी काढली!’

अण्णांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ‘सोबतचे सहपत्र लिहिणाऱ्याच्या सहीशिवाय आहे. सबब ते विचारात घेता येत नाही. संबंधिताने सही करून आजच समक्ष सादर करावे.’ त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. ‘जावक क्रमांक न्हाई. साहेबाची सही न्हाई. कारकुनानं आपल्या मनानं काढलीय.’

‘कुणी का काढंना. सही करून टाकू की.’ दिगंबरनं खिशातून पेन काढलं. ‘अध्यक्ष म्हणून मी करतो. खाली मंडळाचा शिक्का.’

सचिव म्हणाला, ‘पत्रव्यवहार सचिवाच्या सहीनं व्हतो. घटनेत हाय.’

‘मग दोघांची घ्या.’

‘कार्याध्यक्षाची राहिली तर तो रुसंल.’

चिठ्ठी कुणाला लिहिलेली आहे हे त्या झाडाखाली फक्त मला कळत होतं. आणि दिगंबरनं कार्ड टेबलावर पसरलं होतं, ‘मागे रांग असते’ या ओळीच्या खाली पेनचं टोक टेकवलं होतं. आणखी दोन क्षणांत माझ्या मनातली गोष्ट संस्कृती रक्षण मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीनं आणि गोल शिक्क्यानिशी मिलिंदकडे गेली असती. त्याला वाटलं असतं, पोरांनी मिळून चेष्टा केली. तो मार्चनंतर नांदेडला गेला असता आणि मी चाकूरच्या सहा एकरांत. माणसाला धैर्य कुठून येतं याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. माझं तरी ते दिगंबरच्या पेनाच्या टोकाकडे पाहून आलं.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘ती सही माझी लागते.’

‘तुझी कशाला? तू तर नुसतं लिव्हून दिलंस,’ दिगंबर म्हणाला.

‘पाच लिहून दिली. हे लिहिलंय.’

दिगंबरला कळलं नाही. त्यानं खाली वाकून, ओठ हलवत कार्ड वाचलं. अर्ध्यावर त्याचे ओठ थांबले. त्यानं रस्त्यापलीकडच्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काळा चष्मा काढला. ‘आरं तिच्या,’ एवढंच म्हणाला. दारात माय येऊन उभी राहिली होती, हाताला भाकरीचं पीठ. तिची थापथप थांबली होती आणि टाइपरायटर आधीच थांबला होता.

अण्णांनी कार्ड आपल्याकडे ओढलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सगळं वाचलं. सावकाश, एखादी मोठी दरखास्त वाचावी तसं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. बोटाकडे पाहत होते. बोट शेवटच्या ओळीपाशी जाऊन थांबलं.

‘रविवारचं कळवलंस त्याला,’ ते म्हणाले. ‘मला न्हाई.’

माय दारातूनच म्हणाली, ‘तिनं दरखास्त द्यायची व्हती का तुमच्याकडं?’

अण्णांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं, आपलं शाईचं पेन दिलं. मी सही केली: सुजाता. ‘जा’चा काना लांब गेला.

अण्णांनी पाहिलं. ‘हे कुणाला कळंल? गावात वीस सुजाता हायत. आडनाव लिही.’ मी आडनाव लिहिलं. पेन ठेवायला लागले तर त्यांनी बोट दोन शब्दांच्या मधल्या जागेवर ठेवलं. ‘मधलं नाव राहिलं.’

मधलं नाव त्यांचं. मी ते बारीक अक्षरात कसंबसं बसवलं.

‘आन् आमच्या निवेदनाचं?’ सचिवानं विचारलं.

‘पाच उरलेत की,’ अण्णा म्हणाले. ‘खुशाल जाळा.’

मी रस्ता ओलांडला. खिडकीवर सात-आठ जण होते. रांगेत उभी राहिले, कारण पुढे घुसायचं कारण काय सांगणार? माझा नंबर आला. मिलिंदनं सवयीनं विचारलं, ‘किती हायत?’ आणि मग वर पाहिलं.

‘एकच.’

त्यानं कार्ड घेतलं. सही वाचली. मधल्या नावावर थांबला, मान वळवून रस्त्यापलीकडे झाडाखाली पाहिलं. अण्णा खाली मान घालून टाइप करत होते. शाईच्या पॅडवर त्यानं शिक्का दोनदा दाबला, पण मारला नाही. तसाच हातात धरून राहिला.

‘चाकूरचे किती वाजता येणार हायत?’

‘रविवारी, अकराला.’

‘मग माझी माय शनिवारी येईल. सकाळच्या गाडीनं निघंल.’ त्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं होतं, पण आवाज कचेरीचाच होता. ‘तिला जेवणात तिखट लई लागतं. तेवढं घरी सांगा.’

माझ्या मागे एक म्हातारा सातबारा घेऊन उभा होता. त्यानं कागदानं वारा घेत विचारलं, ‘झालं का बाई तुमचं?’

‘झालं,’ मी म्हटलं आणि बाजूला झाले.